रुतलेल्या फोर बाय फोरच्या मालकांस, एका ट्रॅक्टरवाल्याचे अनावृत पत्र

रा. रा. गाडीमालक साहेब यांस,
मु. पो. पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूर आणि जिथे जिथे हप्त्यावर फोर बाय फोर मिळते ती सर्व गावे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या कृपेने माझ्या ट्रॅक्टरचे बँकेचे हप्ते वेळेवर जात आहेत. आम्ही दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरची माणसं. ट्रॅक्टर घेतला तेव्हा हिशेब साधा होता. चिरे वाहायचे, पावसाळ्याआधी होड्या वर ओढायच्या, उरलेले दिवस ताडपत्रीखाली उभा. शनिवार-रविवार हा त्याचा मोसम ठरेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मग आपण नव्या गाड्या घेऊन पुळणीवर उतरायला लागलात.

समोरासमोर आभार मानायचे राहून जातात. रुतलेल्या अवस्थेत आपण बोलण्याच्या मनःस्थितीत नसता. वहिनी आणि मुलं सुरूच्या बनाकडे गेलेली असतात, मित्र व्हिडिओ काढत असतात आणि आपण बॉनेटला टेकून, जिथे रेंज नाही तिथून, कुणाला तरी फोन लावत असता. म्हणून हे पत्र.

जीप आम्हाला नवी नाही बरं का. महायुद्धातली विलीज जीप महिंद्रांनी पुढे मुंबईत जुळवायला घेतली आणि ती सरकारी साहेबांना घेऊन गावोगाव फिरली. पुढे कमांडर आणि ट्रॅक्स वडापला लागल्या. ओढणारी चाकं दोनच, टायर गुळगुळीत, आत पंधरा माणसं, टपावर माशांच्या पाट्या. त्या रुतायच्या नाहीत असं नाही. पण रुतल्या की पंधराच्या पंधरा माणसं खाली उतरून ढकलायची, नि गाडी चालायला लागली की धावत जाऊन लोंबकळायची. त्यात ट्रॅक्टरवाल्याला काय मिळणार? २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, गुरखा आधीपासून होतीच. या गाड्यांत माणसं दोन-चार असतात आणि त्यांतल्या एकालाही पँट दुमडायची नसते. आमचे दिवस फिरले ते तिथून.

तरी खरं सांगतो, कंपनीतून निघालेली गाडी जशीच्या तशी असेल तर ती माझ्या धंद्याला मारक आहे. थारचंच घ्या. लो रेंजचा दांडा आहे, पोटाखाली २२६ मिलिमीटर जागा आहे, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी लिहून देते. अशी गाडी आणि चालवणारा शहाणा, हा योग जुळला तर मी चहा पीत बसायचं. सुदैवाने आपण गाडी ताब्यात घेतल्याच्या आठवड्यातच ती मॉडिफिकेशनवाल्याकडे नेता. त्या सर्व कारागिरांना माझा दंडवत सांगा.

आपल्या गाडीवर त्यांनी काय काय चढवलंय ते मी दोर बांधता बांधता नीट बघत असतो. पुढे लोखंडी बंपर, त्यात विंच. नुसती विंचच तीस-चाळीस किलोंची. मागे तसाच बंपर, त्यावर जाडजूड स्टेपनी. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर फावडं, डिझेलचा कॅन आणि एक उंच जॅक, ज्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. बाजूला शिडी. ही शिडी कशासाठी, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आता रेतीला यातल्या कशाचंच कौतुक नसतं. ती फक्त एवढंच बघते की एका चाकावर वजन किती आणि ते किती जागेवर पसरलंय. आपण वजन वाढवता, त्यातलं बरंचसं पुढच्या चाकांवर टाकता, आणि मग रेती आपलं काम करते.

टायरांबद्दल तर किती लिहू! मूळचा टायर काढून आपण तेहतीस इंची बसवता. थारचा १८ इंची रिमवरचा मूळ टायर साधारण एकतीस इंचांचा. म्हणजे व्यास दोन इंच वाढला आणि गाडी वर उचलली गेली एक इंच, कारण दुसरा इंच चाकाच्या वरच्या अर्ध्यात गेला. पोटाखालच्या त्या एका इंचाचे पैसे आपण किती मोजलेत ते मी विचारत नाही, वहिनींनाही सांगणार नाही. शिवाय मीटरवर शंभर दिसतात तेव्हा गाडी एकशे सहाच्या आसपास असते, हा फायदा वेगळा. आणि लिफ्ट किट? त्याने बॉडी वर जाते, दारात चढताना आईंना हात द्यावा लागतो, वळणावर गाडी झुलते. पण मागच्या सरळ आसावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त टायर. रेतीत आधी टेकतो तोही हाच गोळा. मी गुडघ्यावर बसून हाताने रेती काढतो ती त्याच्याच खालून.

त्यातही मड-टेरेन टायर असतील तर माझं निम्मं काम आपण करून ठेवलेलं असतं. त्यांच्या त्या मोठ्या गाठी चिखलात पकड घेतात, कातळावरही घेतात. कोरड्या रेतीत चाक जागच्या जागी फिरलं की त्याच गाठी फावड्यासारख्या खाली खणत जातात. आपण ॲक्सिलरेटर दाबता, इंजिन गुरगुरतं, मागे रेतीचं कारंजं उडतं, मित्र ओरडतात, "टाक, टाक!" मी तेवढ्यात ट्रॅक्टरची चावी शोधतो.

विंच बघितली की मात्र सुरुवातीला माझ्या पोटात गोळा यायचा. वाटायचं, संपलं, आता हे लोक आपापले बाहेर निघणार. पण विंचला कशाला तरी बांधावं लागतं आणि पुळणीवर बांधायला काही नसतं. दोर पंचवीस-तीस मीटरचा, सुरूची झाडं त्याच्या कितीतरी पलीकडे. आपण दोर सोडून हूक हातात घेऊन चहूकडे बघता. समुद्र आहे, आकाश आहे, एक कुत्रा आहे. शेवटी तो हूक माझ्याच ट्रॅक्टरला लागतो. स्टेपनी रेतीत खोल पुरून तिला दोर बांधता येतो, असं एका जाणत्या गाडीवाल्याने मला करून दाखवलं होतं. ते आपण शिकू नये, ही विनंती.

स्नॉर्कलविषयी थोडंच लिहितो, कारण त्याने मला ना फायदा ना तोटा. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च लाखात जातो. म्हणून हवेची वाट टपापर्यंत न्यायची, हे बरोबरच आहे. पण चाकं पुरलेली, दाराच्या फटीतून खारं पाणी आत, सीटखालच्या वायरिंगला अंघोळ, अशा वेळी इंजिनाला श्वास कितीही उंचावरून मिळाला तरी गाडी जाणार कुठे?

एक तक्रार आहे, ती मनावर घ्यावी. कंपनीने दिलेला ओढायचा हूक थेट चॅसीला जोडलेला असतो. हौशी बंपर बसवताना तो बंपरमागे गाडला जातो आणि त्याजागी लाल रंगाचे दोन दिखाऊ हूक येतात. गेल्या हंगामात अशाच एका हूकला दोर लावला. मी क्लच सोडला. बंपर आला. गाडी तिथेच. मालक माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या घराचं दार काढून आणलंय. अशाने धंद्याचं नाव खराब होतं. आणखी एक, कुठल्या गाडीला चारही चाकांचं बळ आहे ते आधी कळलं तर बरं. २०२३ पासून दोनच चाकांनी ओढणारी थारही मिळते, स्वस्तात मिळते, त्यात गैर काही नाही. पण काही जण तिला बाजारातून ४x४ चं अक्षर आणून चिकटवतात आणि मग स्वतःच त्यावर विश्वास ठेवतात.

आता आमच्या समुद्राचं थोडं. आम्हाला भरतीसाठी ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तिथे बारापर्यंत धरून चालायचं. पुढे रोज पाऊणेक तास उशीर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. आता गंमत बघा. उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला भरती, म्हणजे सुकती संध्याकाळी सहाच्या सुमारास. सूर्य बुडायला आलेला, पाणी कधी नव्हे इतकं मागे गेलेलं, ओली पुळण आरशासारखी चकाकती आणि पायाला टणक. आपण म्हणता, अरे, हा तर रस्ताच आहे! गाडी थेट पाण्याच्या काठाला, दारं उघडी, गाणी सुरू, फोटो. त्या उजेडात फोटो चांगलेच येतात, नाकारत नाही. पण उधाणाचं पाणी जितकं मागे जातं तितकंच वर चढतं. ते परत फिरलं की चाकाखालची टणक रेती आतून ओली होत भुसभुशीत होते. साडेसातला आपण म्हणता, "निघूया." गाडी म्हणते, "थांबूया."

साडेसातला बोलावलंत तर माझा दर एक असतो, पाणी हेडलाइटला लागल्यावर दुसरा. याला आपण लूट म्हणता ते माझ्या कानावर आलंय. साहेब, खारं पाणी माझ्याही बेअरिंगात जातं. आणि आपल्या गाडीत एकशेतीस घोडे असतात असं आपणच सांगता. त्यांना ओढायला माझे चाळीस घोडे अंधारात उतरतात, त्यांच्या चंदीचा विचार करा.

कायद्याचं मी फार बोलत नाही, कारण माझ्या ट्रॉलीचं पासिंग शेतीचं आहे आणि आजकाल तिच्यात शेतमाल क्वचित असतो. माझा पुतण्या वकिलाकडे कारकून आहे, तो सांगतो ते एवढंच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बुल बारवर तर २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राने बोट ठेवलं: समोरच्या माणसाला जीवघेणा आणि आपल्याच एअरबॅगला गोंधळात टाकणारा. हे सगळं कळल्यापासून आपली गाडी ओढताना मी मनात हजार मोजत जातो. बंपर पाच, लिफ्ट दहा, टपावरचा लाइट बार पंधरा. विम्याच्या कंपनीला यातलं काही कळवलंय का, हे विचारायचा मोह होतो, पण त्या वेळी आपला चेहरा बघवत नाही.

ग्रामपंचायतीने पुळणीच्या तोंडाशी "वाहने नेण्यास मनाई" असा फलक लावलाय. त्याच्यासमोर गाडी तिरकी उभी करून काढलेले फोटो मी पाहिलेत.

इथे एकदाच सरळ बोलतो. आमच्या या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वर मंडणगडातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून घरटी राखायचं काम सुरू केलं, मग बाकीच्या गावांनीही ते उचललं. नोव्हेंबर ते मार्च माद्या येतात. पिल्लं निघाली की समुद्राच्या दिशेने चालत सुटतात. टायरने पाडलेली चाकोरी त्या तळहातभर जीवाला चढून जाता येत नाही. ते चाकोरीतूनच चालत राहतं, समुद्राला समांतर, ऊन चढेपर्यंत किंवा कावळा येईपर्यंत. सुकतीला बायका तिसऱ्या काढायला वाकून बसलेल्या असतात, गाडीच्या गाण्यांत त्यांचा आवाज ऐकू येत नाही. यातून मला एक रुपया मिळत नाही आणि नको आहे. कातळ, ओढा, माळ, चिखल, जिथे कुणाचं घरटं नाही आणि जागेच्या मालकाची हरकत नाही तिथे गाडी हवी तेवढी उलथीपालथी करा. इगतपुरीला तर हे शिकवायची शाळाच आहे म्हणतात.

पण जाऊ दे. शाळेत जायचं म्हटलं की माझा धंदा बसला. तिथे पहिल्याच दिवशी सांगतील की रेतीत उतरण्याआधी टायरातली हवा बत्तीस-पस्तीसवरून अठराच्या आसपास आणा. टायर पसरतो, ठसा लांब होतो, वजन वाटलं जातं आणि वीस लाखांच्या खर्चाने जी गाडी निघत नाही ती एका काडीने व्हॉल्व्ह दाबून निघते. वर आल्यावर हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर, बस. रुतायला लागली की पाय उचलायचा, आपल्याच चाकोरीतून मागे यायचं, हेही सांगतील. म्हणून हात जोडून विनंती आहे, शिकू नका. बंपर बदला, दिवे वाढवा, शिडीला अजून एक शिडी लावा.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. येताना रोख पैसे आणावेत, पुळणीवर फोनवरून पैसे जात नाहीत.

आपला कृपाभिलाषी,
एक ट्रॅक्टरवाला

ता. क. आपल्या गाड्या वर्षागणिक जड होत चालल्यामुळे मी आता फोर बाय फोर ट्रॅक्टरसाठी बँकेत अर्ज टाकलाय. मॅनेजर विचारत होते, उत्पन्नाची शाश्वती काय? मी त्यांना दिवाळीच्या सुट्टीत पुळणीवर घेऊन गेलो. ते म्हणाले, कागद लवकर पुढे पाठवतो. तेव्हा कर्ज मंजूर होईपर्यंत तरी हवा कमी करायचं कुणी मनावर घेऊ नये.