दोन नंबरचा मामला

बिघडलेल्या गाडीच्या मालकांत दोन जाती असतात. पहिली गॅरेजवाल्याला फोन करते आणि किल्ली त्याच्या हवाली करून रिक्षाने ऑफिसला जाते. दुसरीही गॅरेजवाल्याला फोन करते, त्याचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेते, 'बरं, बघतो' म्हणते आणि फोन ठेवून खरंच बघायला लागते. आमच्या सोसायटीतले अप्पा या दुसऱ्या जातीचे कुलपुरुष.

अप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात लाइनीतला फॉल्ट शोधण्यात गेल्यामुळे जगात प्रत्येक गोष्टीत फॉल्ट असतो आणि चिकाटी धरली तर तो सापडतो, अशी त्यांची श्रद्धा. (लग्नाळू मुलांच्या आईबापांनी यांना स्थळाचा फोटो दाखवू नये.) अंगात बिनबाह्यांचा बनियन, कमरेला पायजमा, कपाळावर हेडलाइट आणि गळ्यात मल्टिमीटर. मीटर पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या बाजारातला, पण त्याच्या लाल-काळ्या वायरी अप्पा अशा अदबीने गुंडाळतात की हृदयाचे डॉक्टरही स्टेथोस्कोपला तेवढा मान देत नसतील. 'माणूस थापा मारतो, मीटर मारत नाही,' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते म्हणताना नजर शक्यतो गॅरेजच्या दिशेला.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. गेल्या पावसाळ्यात ती सिग्नलला उभी राहिली की थरथरायला लागली. कात्रजच्या घाटात तर असे आचके देई की काकू प्रत्येक आचक्याला एकेक देव बदलत. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. गॅरेजवाल्याने गाडी न बघताच निकाल दिला.

"अप्पा, मिसिंग मारतीय ती. कॉइल गेली. चारही टाकून घ्या."

"गेल्यात किती?"

"गेली एकच असंल. पण बाकीच्या पण जाणारच की कधी ना कधी."

"जाणार तर मीही आहे. म्हणून आजच बदलता का मला?"

एका कॉइलला दोन-अडीच हजार, गुणिले चार. पैशाचा प्रश्न होता, नाही असं नाही. पण अप्पांना खरं झोंबलं ते 'असंल' हे क्रियापद. निदानात 'असंल' चालत नाही. 'आहे' किंवा 'नाही', आणि दोन्हीपुढे आकडा.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती योग्यच केली. दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर चालवू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो तापून वितळतो आणि मग दोन हजारांचं दुखणं पाऊण लाखापर्यंत जाऊ शकतं. अप्पांनी गाडी जागेवर उभी केली. काकूंचा रिक्षाचा खर्च सुरू झाला. तो त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवायला सुरुवात केली, पण ते नंतर उघडकीला आलं.

मग अप्पांनी स्टिअरिंगखालच्या सॉकेटात काड्यापेटीएवढा स्कॅनर खुपसला. मोबाइलवर कोड उमटला: पी-०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. अप्पा आनंदाने बॉनेटखालूनच ओरडले, "माझा दोन नंबरचा घोळ आहे हो!" शेजारून सोसायटीचे चेअरमन चालले होते. अप्पा तीन वर्षं सोसायटीचे खजिनदार होते. चेअरमन थबकले, काही बोलले नाहीत, पण पुढच्या मीटिंगला जुनी व्हाउचर्स मागवली गेली.

इथवर दहा मिनिटं झाली होती. आणखी दहा मिनिटांत सोक्षमोक्ष लागला असता. दोन नंबरची कॉइल काढून तीनला घालायची, तीनची दोनला. कोड मिटवायचा, गाडी सुरू करायची. कोड पी-०३०३ झाला तर कॉइल गुन्हेगार. पी-०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष. हे अप्पांना ठाऊक नव्हतं का? पुरेपूर ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत बघणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"अहो, अदलाबदल करून चोर सापडतो. चोरी कशी झाली ते कुठे कळतं? आधी रीडिंग."

या माणसांना गाडी दुरुस्त व्हायला हवी असते, पण लगेच नको असते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पार्किंगमधून जाणाऱ्या प्रत्येकाला अप्पा "जरा एक मिनिट इकडे या" म्हणून थांबवू लागले. त्या एका मिनिटात पेपर टाकणाऱ्या मुलापासून तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंपर्यंत सगळ्यांना इग्निशन कॉइलचं ज्ञान मिळालं. अप्पा सांगतात ते चांगलं, हे कबूल करायला हवं. बॅटरी बारा व्होल्टची. प्लगच्या फटीत ठिणगी पडायला मात्र काही हजार व्होल्ट लागतात. कॉइलच्या पोटात दोन वेटोळी: एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं, दुसरं केसासारख्या तारेचं, साधारण शंभरपट वेढ्यांचं. जाड वेटोळ्यात करंट सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. चुंबकीय क्षेत्र कोसळतं, जाड तारेतच तीन-चारशे व्होल्ट उसळतात, बारीक तारेत त्याचे शंभरपट. तीसचाळीस हजारांपर्यंत ताकद. इंजिन तीन हजार आरपीएमवर असेल तर हा उद्योग प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा चालतो. "आणि आपल्या पंपाची मोटर बघा," असं म्हणून अप्पा मग सोसायटीच्या पाण्याकडे वळतात. तिथून निसटायचं.

वकीलबाई निसटल्या नाहीत, तेव्हा त्यांना इतिहासही मिळाला. आयर्लंडमध्ये मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन नावाचे पाद्री विज्ञान शिकवत. १८३६ मध्ये त्यांनी असली कॉइल बनवली. तिची ताकद मोजायला मीटर नव्हता, म्हणून ते विद्यार्थ्यांना झटके देऊन अंदाज घेत. पुढे चार्ल्स केटरिंग यांनी ती बॅटरीवर मोटारीत आणली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तिच्याबरोबर विजेवरचा स्टार्टरही दिला. अप्पांचा जीव अर्थात कॅलनवर. केटरिंगने गाडी चालवली, कॅलनने तपासली.

जुन्या पद्मिनी गाडीच्या आठवणी या प्रकरणात येणारच. "एकच कॉइल, अहो. बाटलीएवढी. डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट, कंडेन्सर. पॉइंट पॉलिश पेपरने घासला की गाडी हसायची." तिला दोन टर्मिनल होती, मीटर लावला की ओहम दिसत. हल्लीची कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते, आणि तिच्यात ट्रान्झिस्टरही भरलेला असतो. मीटरला आतलं जाड वेटोळं दिसतच नाही. पण हे अप्पांना ऐन वेळी आठवलं नाही.

एका रविवारी डायनिंग टेबलवर जुने पेपर पसरून चार कॉइली मांडल्या गेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर पेनने नंबर. दहाचे बोल्ट काढताना एक इंजिनात कुठेतरी पडला होता, तो वॉचमनच्या मुलाने दोरीला लोहचुंबक बांधून काढला. कपलरची एक प्लास्टिकची कडी तुटली होती. दहा वर्षांच्या उष्णतेने ती तुटणारच होती, अप्पांच्या नखाला उगाच दोष नको. अप्पांनी मीटर लावला. मीटरने 'ओएल' दाखवलं. दुसरीला लावला, 'ओएल'. तिसरी, चौथी, 'ओएल'. म्हणजे वाट तुटलेली, अनंत ओहम. चारही गेल्या! गॅरेजवाला बरोबर होता!

ती दुपार त्या घरात सुतक असल्यासारखी गेली. अप्पा जेवले नाहीत. चहाच्या वेळी ट्रान्झिस्टर आठवला. "चौघी एकदम कशा जातील?" असं म्हणत ते उठले, बारीक तारेच्या वेटोळ्यावर मीटर लावला आणि आकडे बोलू लागले: नऊ पॉइंट दोन, नऊ पॉइंट चार, नऊ पॉइंट तीन, नऊ पॉइंट दोन हजार ओहम. सगळ्या धडधाकट. अप्पांनी आकडे वहीत घेतले, त्या दिवशीचं तापमानही लिहिलं आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता प्रश्न असा की गाडी मिसिंग मारते ती गरम झाल्यावर. तारेला भेग असेल तर ती थंडीत जुळते, उन्हात उघडते. मग कॉइल तापवून बघायला हवी. सुनेचा हेअर ड्रायर आला. तांब्याचा रोध अंशामागे साधारण ०.४ टक्का वाढतो, चाळीस अंश तापवली तर सोळाएक टक्के. आकडे तसेच वाढले. मग उलट तपासणी म्हणून दोन नंबर फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. काकूंनी फ्रीझर उघडला, काळी, नळीदार, रबराचा बूट घातलेली वस्तू बघितली, आणि काहीही न विचारता दार लावलं. संसाराला पस्तीस वर्षं झाली की माणूस प्रश्न निवडून विचारतो.

रात्री ठिणगीची परीक्षा. पार्किंगमधला दिवा मुद्दाम घालवला. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे मोकळ्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे फवारे येऊन भडका उडायला नको; ही काळजी अप्पांनी घेतली, सगळे घेत नाहीत. कॉइलला प्लग लावला, प्लगची चुडी जंपर केबलने इंजिनाला अर्थ केली, वॉचमनला स्टार्टर मारायला बसवलं. चट् चट् चट्. निळी, जाड ठिणगी. एक नंबर पास, दोन नंबर पास. तीन नंबरला केबलचा चिमटा सुटला, अर्थ हरवला आणि तीस हजार व्होल्टनी अप्पांच्या मनगटातून वाट काढली. अप्पा पाठीमागच्या स्कूटरवर बसले. वॉचमन धावला. अप्पांनी हात झटकत आधी निष्कर्ष सांगितला: "तीन नंबर उत्तम आहे."

(कृपा करून कोणी हे करू नका. हृदयाला पेसमेकर असलेल्यांनी तर असल्या बॉनेटजवळ फिरकूही नये.)

चारही पास झाल्या आणि तरी काहीच सिद्ध झालं नव्हतं. मोकळ्या हवेत मिलिमीटरभर फट ओलांडायला तीनएक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत त्याच फटीला कितीतरी पट ताकद लागते, आणि घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आणखी. पार्किंगमध्ये वाघ असलेली कॉइल कात्रजला शेळी होऊ शकते. हे अप्पांनीच दुसऱ्या दिवशी मला समजावलं, आणि रात्रभर जागवलेल्या वॉचमनलाही.

शेवटी काकूंनी कॅलेंडर आणून टेबलावर ठेवलं. रिक्षाची बेरीज एका कॉइलच्या पुढे गेली होती. स्कॅनर, सॉकेटचा पान्हा, हेडलाइट, फटीचा गेज यांचा हिशेब वेगळा. "मिक्सर फिरला नाही तर मी भांडं बदलून बघते," एवढंच त्या म्हणाल्या. अप्पा निमूटपणे खाली गेले आणि दोन नंबरची कॉइल तीनला घातली.

कोड आला पी-०३०२. कॉइल निर्दोष!

एखादा हिरमुसला असता. अप्पा दहा वर्षांनी तरुण दिसत होते; तपास अजून संपलेला नव्हता. दोन नंबरचा प्लग त्यांनी काढला. प्लगच्या विहिरीत काळं तेल साचलेलं, म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून एक केसाएवढी काळी रेघ दिसली. तडा. ठिणगी फटीत पडण्याऐवजी त्या रेघेवरून पळत होती. दीडदोनशे रुपयांचा प्लग. अप्पांनी तो आम्हाला सगळ्यांना दाखवला, वकीलबाईंना पुरावा म्हणून हातात दिला, आणि नाना पेठेत जाऊन नवे प्लग आणले. चार.

"चार? गेला तर एकच ना?" मी विचारलं.

"प्लग एकदम बदलायचे असतात," अप्पा म्हणाले. "बाकीचेही जाणारच की कधी ना कधी."

गाडी आता घाट कुरकुर न करता चढते, आणि त्यामुळे अप्पा जरा सुकलेत. कोणाची गाडी सकाळी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली तरी त्यांचं डोकं गॅलरीत दिसतं. अशात वकीलबाईंनी विजेवरची गाडी घेतली. पेढे वाटले. अप्पांनी पेढा तोंडात टाकायच्या आधी बॉनेट उघडायला सांगितलं. आत प्लास्टिकचं झाकण, काचेला पाणी मारायची बाटली आणि 'उघडू नका' असं सांगणाऱ्या नारिंगी वायरी. प्लग नाही, कॉइल नाही, मिसिंग मारायची सोयच नाही. वकीलबाई म्हणाल्या, "यात बिघडण्यासारखं काही नाहीच, अप्पा."

अप्पांनी गाडीला एक फेरी मारली. मग झाकणाखाली वाकून बघितलं.

"बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते याच्यातही. कुलपं, दिवे, कॉम्प्युटर, सगळं तिच्यावर. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही तुम्ही जागच्या जागी." गळ्यातला मीटर त्यांनी केव्हा काढला ते कळलंही नाही. लाल वायर, काळी वायर. चेहरा उजळत गेला.

"बारा पॉइंट एक! वकीलबाई, जरा एक मिनिट इकडे या."