आधी उत्तरं द्या, मग मतं मागा

मंगळवारी, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, अमेरिकेने नवा अध्यक्ष निवडला. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाने प्रचाराचा शेवटचा आठवडा कशात घालवला? कचऱ्यात. २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने पोर्तो रिकोला समुद्रात तरंगणारं कचऱ्याचं बेट म्हटलं. दोन दिवसांनी अध्यक्ष जो बायडेन असं काही बोलून गेले, की ट्रम्प यांचे समर्थकच कचरा आहेत असा त्याचा अर्थ निघाला. व्हाइट हाउस खुलासे करत बसलं. तिसऱ्या दिवशी ट्रम्प केशरी जाकीट चढवून ग्रीन बे इथे कचऱ्याच्या ट्रकमध्ये जाऊन बसले, आणि तो फोटो जगभर फिरला.

या गदारोळात पोर्तो रिकोचं काय झालं? तिथले बत्तीस लाख लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहतात तोवर त्यांना अध्यक्ष निवडायचा अधिकार नाही. २०१७ च्या मारिया वादळात तिथे जवळपास तीन हजार माणसं गेली. तेव्हा अध्यक्ष असलेल्या ट्रम्प यांनी बेटावर जाऊन मदत घ्यायला जमलेल्या गर्दीत कागदी टॉवेलची भेंडोळी फेकली होती. बेटावरची वीज आजही वारंवार जाते. ती सुधारण्यासाठी कोण काय करणार, यावर त्या आठवड्यात जोरदार वाद व्हायला हवा होता. त्याऐवजी दोन्ही पक्षांना पेन्सिल्वेनियात राहणारे चार लाखांहून अधिक पोर्तो रिकन आठवले, कारण मत तिथे आहे.

हा एका आठवड्याचा दोष नाही. अख्खा प्रचार असाच चालला. समोरचा किती भयंकर आहे हे दोन्ही बाजू ओरडून सांगत होत्या आणि त्या आरडाओरड्यात स्वतः प्रश्नांमधून निसटत होत्या. माझा राग त्या निसटण्यावर आहे.

न दिलेली परीक्षा

अमेरिकेत उमेदवार पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांतून पुढे येतो. स्वपक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर उभं राहायचं, त्यांचे वार झेलायचे, राज्याराज्यांतल्या मतदारांना तोंड द्यायचं, ही ती परीक्षा. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी ती मोडीत काढली.

रिपब्लिकन पक्षाच्या एकाही वादसभेला ट्रम्प गेले नाहीत. निकी हेली, रॉन डिसँटिस, विवेक रामस्वामी आपसांत भांडत राहिले आणि पक्षाने रिकाम्या खुर्चीला उमेदवारी दिली. ३० मे रोजी न्यूयॉर्कच्या ज्युरीने ट्रम्प यांना ३४ गुन्ह्यांत दोषी ठरवलं, तरी पक्ष दीड महिन्याने मिलवॉकीच्या अधिवेशनात त्यांच्यामागे एकदिलाने उभा होता.

डेमोक्रॅटिक पक्षाने वेगळ्या वाटेने तेच केलं. अध्यक्षांचं वय मतदारांना दिसत होतं, फक्त पक्षाला दिसत नव्हतं. फेब्रुवारीत विशेष अभियोक्ता रॉबर्ट हर यांनी अहवालात बायडेन यांच्या स्मरणशक्तीबद्दल लिहिलं, तेव्हा पक्षाने हर यांच्यावरच आग पाखडली. फ्लोरिडात तर पक्षाने एकट्या बायडेन यांचं नाव पुढे पाठवलं आणि तिथली प्राथमिक निवडणूकच झाली नाही. डीन फिलिप्स या खासदाराने आव्हान दिलं, तर त्याला पक्षाने वाळीत टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवायचा हा सगळा आटापिटा होता. २७ जूनला अटलांटाच्या वादसभेत ती मूठ उघडली. २१ जुलैला बायडेन बाजूला झाले आणि त्या वर्षीच्या प्राथमिक फेरीत स्वतःच्या नावावर एकही मत न मागितलेल्या उपाध्यक्ष कमला हॅरिस उमेदवार झाल्या.

हॅरिस यांना अवघे साडेतीन महिने मिळाले, हे खरं. पण त्यातलाही महिन्याहून जास्त काळ त्या मोठ्या मुलाखतीपासून लांब राहिल्या. पहिली मुलाखत झाली २९ ऑगस्टला. ८ ऑक्टोबरला ‘द व्ह्यू’ या कार्यक्रमात त्यांना विचारलं गेलं, की गेल्या चार वर्षांत बायडेन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतं? असं काहीच सुचत नाही, असं त्या म्हणाल्या. २०२२ च्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. तेव्हापासून किराणा दुकानात हात आखडता घेणाऱ्या माणसाला हे उत्तर ऐकून काय वाटलं असेल?

ट्रम्प यांना १० सप्टेंबरला आरोग्य विम्याबद्दल विचारलं, तर आपल्याकडे योजनेच्या ‘संकल्पना’ आहेत, असं ते म्हणाले. ओबामांचा कायदा मोडून काढण्याची भाषा ते तोवर नऊ वर्षं करत होते, त्यात चार वर्षं त्यांनी सत्ताही भोगली, आणि हाती काय, तर संकल्पना. त्या रात्रीनंतर त्यांनी हॅरिस यांच्याशी पुन्हा वाद करायलाच नकार दिला.

खोट्याचे बळी

त्याच १० सप्टेंबरला, कोट्यवधी लोकांसमोर, ट्रम्प यांनी सांगितलं की ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात. हे धादांत खोटं होतं. शहराचे अधिकारी तसं म्हणाले, ओहायोचे राज्यपाल माइक डिवाइन तसं म्हणाले, आणि डिवाइन रिपब्लिकन आहेत. मग शाळांना बॉम्बच्या धमक्या आल्या आणि मुलांना घरी पाठवावं लागलं. ज्या हैतीच्या लोकांवर चिखलफेक झाली ते बहुतेक कायदेशीर परवान्यावर राहणारे, कारखान्यांत घाम गाळणारे लोक होते. ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स तेव्हा त्याच राज्याचे सिनेटर होते. त्यांनी आपल्या लोकांना सावरायला हवं होतं. ते टीव्हीवर म्हणाले, माध्यमांचं लक्ष वेधण्यासाठी कहाण्या रचाव्या लागल्या तर मी रचीन.

सप्टेंबरअखेर हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातली डोंगराळ गावं वाहून नेली. तेव्हा ट्रम्प यांनी प्रचार केला की आपत्ती निवारणाचा पैसा सरकारने बेकायदा स्थलांतरितांवर उधळला. तोही खोटा होता. अफवा अशा पेटल्या की धमक्यांमुळे मदत कर्मचाऱ्यांना एका भागात काही काळ काम थांबवावं लागलं. मत मिळवण्यासाठी बुडालेल्या माणसापासून मदतीचा हात दूर लोटणं याला राजकारण म्हणत नाहीत. हा गुन्हा आहे, मग कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम असो वा नसो.

सीमेचा प्रश्न कुणाला सोडवायचाय?

फेब्रुवारीत सिनेटमध्ये सीमाबंदोबस्ताचं विधेयक आलं. ते घडवण्यात ओक्लाहोमाचे कट्टर रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड होते. ट्रम्प यांनी विरोध केला आणि ७ फेब्रुवारीला विधेयक ४९ विरुद्ध ५० मतांनी अडलं. प्रश्न सुटला तर प्रचारात ओरडायचं कशावर, हाच हिशेब होता.

डेमोक्रॅट यावर हात झटकू शकत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात मेक्सिको सीमेवर अडीच लाखांच्या आसपास लोक पकडले गेले. बायडेन यांनी कडक आदेश काढला तो २०२४ च्या जूनमध्ये. त्यानंतर आकडे उतरले. जे जूनमध्ये जमलं ते आधीची तीन वर्षं का जमलं नाही? वरातीमागून घोडं आणायचं आणि वर त्याचं श्रेय मागायचं, हे मतदार खपवून घेत नाही.

टिप आणि पगार

जूनमध्ये लास व्हेगासमध्ये ट्रम्प म्हणाले, टिपवर कर लागणार नाही. ऑगस्टमध्ये लास व्हेगासमध्येच हॅरिस म्हणाल्या, टिपवर कर लागणार नाही. नेवाडात हॉटेलं आणि कसिनो आहेत, आणि नेवाडात अध्यक्ष ठरवणारी सहा प्रतिनिधी-मतं आहेत.

देशाचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय. टिप मिळणाऱ्या कामगारांचं मूळ किमान वेतन १९९१ पासून २.१३ डॉलर आहे, तेव्हापासून एक सेंट वाढलेला नाही. हे बदलणं कठीण, म्हणून त्यावर घोषणा नव्हत्या. हॅरिस यांनी १५ डॉलरचा आकडा उच्चारला तो मतदानाला दोन आठवडे उरले असताना. ट्रम्प पेन्सिल्वेनियात मॅकडोनाल्ड्सचा एप्रन बांधून बटाट्याचे फ्राइज वाढत होते. त्या दिवशी दुकान सर्वांसाठी बंद होतं आणि गिऱ्हाइकं आधी तपासून आणलेली होती. तिथेच पत्रकाराने किमान वेतनाबद्दल विचारलं, तर कामगार किती मेहनती आहेत हे सांगून ट्रम्प यांनी विषय बदलला. कौतुकावर घरभाडं भरता येत नाही.

सात राज्यांचा देश

पेन्सिल्वेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, मिशिगन, ॲरिझोना, विस्कॉन्सिन, नेवाडा. एकूण ५३८ प्रतिनिधी-मतांपैकी या सात राज्यांची मतं ९३ आणि जवळपास सगळा प्रचार इथेच. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियाच्या सिलिकॉन व्हॅलीत राहणाऱ्या आपल्या मराठी माणसाच्या दारात कुणी फिरकलं नाही, कारण त्या राज्यांचा निकाल ठरलेला होता. उमेदवार तिथे गेले ते बहुतेक देणगीचं ताट मांडलं होतं तेव्हाच.

आपल्याकडच्या वाहिन्या मात्र हॅरिस यांच्या आईचं तामिळनाडू आणि व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचं आंध्र यांतच रमल्या होत्या. आजोळाने कुणाचा व्हिसा मार्गी लागत नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातला ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली आहे की आईवडील रांगेत असतानाच मुलं २१ वर्षांची होतात आणि रांगेबाहेर फेकली जातात. पुण्या-मुंबईतून गेलेल्या कितीतरी घरांत आज हीच धास्ती आहे. जूनमध्ये ट्रम्प म्हणाले, पदवीबरोबर ग्रीन कार्ड देऊ. काही तासांत त्यांच्याच प्रचार कार्यालयाने त्याला अटींची इतकी कुंपणं घातली की आश्वासन उरलंच नाही. हॅरिस सिनेटर असताना, २०१९ मध्ये, ही देशनिहाय मर्यादा उठवणाऱ्या विधेयकाच्या पुरस्कर्त्या होत्या. उपाध्यक्षपदाच्या चार वर्षांत ते काम पुढे सरकलं नाही आणि प्रचारात ते मागेच राहिलं.

मिशिगनमध्ये फेब्रुवारीत एक लाखाहून जास्त डेमोक्रॅट मतदारांनी गाझातल्या संहाराच्या निषेधार्थ ‘कुणालाही बांधील नाही’ असं मत दिलं. शिकागोच्या अधिवेशनात एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला बोलू द्यावं, अशी त्यांची मागणी होती. पक्षाने ती नाकारली. मग ट्रम्प यांनी त्याच मतदारांना साद घातली. पहिल्यांदा सत्तेवर येताच मुस्लिमबहुल देशांवर प्रवेशबंदी लादणारे हेच ट्रम्प.

पैशाचा मालक

पैशाच्या बाबतीत कुठेही जा, पळसाला पानं तीनच. हॅरिस यांच्या प्रचाराने तीन महिन्यांच्या आत एक अब्ज डॉलर उभे केले. ट्रम्प यांच्यामागे धनाढ्य टिमथी मेलन यांनी एकट्याने पंधरा कोटी डॉलर ओतले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधल्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने हा दरवाजा उघडला आणि दोन्ही पक्ष त्यातून आत शिरले.

पण इलॉन मस्क यांनी जे मांडलं ते याहून पुढचं होतं. त्या सात राज्यांतल्या नोंदणीकृत मतदाराने त्यांच्या अर्जावर सही करायची आणि रोज एका सहीवाल्याला दहा लाख डॉलर. ही बेकायदा लॉटरी आहे, असं म्हणत फिलाडेल्फियाच्या जिल्हा अभियोक्त्याने कोर्टात धाव घेतली. मस्क यांच्या कंपनीला सरकारची अब्जावधींची कंत्राटं मिळतात, आणि ट्रम्प त्यांनाच सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्या आयोगाचे प्रमुख करू म्हणाले. कंत्राटदाराच्या हाती तिजोरीची किल्ली देण्याचा हा उघड वायदा होता. मतदारांनी तो वायदा म्हणूनच वाचायला हवा होता.

दोष दोघांचे, वजन वेगळं

दोन्ही पक्षांना जाब विचारला, म्हणून दोघांना एकाच तागडीत टाकणार नाही. प्रश्न टाळणं हा एक दोष. निकालच न मानणं हा दुसरा, कितीतरी जड. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्याला फोन करून ११,७८० मतं शोधून काढायला सांगितलं. चार दिवसांनी त्यांच्या समर्थकांनी कॅपिटॉलवर हल्ला केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प त्याला प्रेमाचा दिवस म्हणाले. १ ऑक्टोबरच्या वादसभेत हॅरिस यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांनी व्हान्स यांना सरळ विचारलं, २०२० मध्ये ट्रम्प हरले होते का? आपलं लक्ष भविष्याकडे आहे, असं व्हान्स म्हणाले. एवढ्या एका ‘हो’साठी ज्या पक्षाची जीभ रेटत नाही, तो पक्ष मतदाराचा कौल मानेल यावर विश्वास ठेवायला आधार नाही.

डेमोक्रॅट लोकशाही वाचवा म्हणून मतं मागतात. मागणी रास्त आहे. पण लोकशाही वाचवणाऱ्याने आधी स्वतःच्या पक्षात ती पाळावी, मतदाराला दिसणारं सत्य त्याच्यापासून लपवू नये आणि मिळालेल्या सत्तेत काय चुकलं ते नाव घेऊन सांगावं. समोरचा वाईट आहे एवढ्या भांडवलावर भीती विकता येते, विश्वास मिळत नाही.

अमेरिकेत मताचा अधिकार असलेल्या प्रत्येक मराठी वाचकाला एकच सांगणं आहे. राज्याचा निकाल ठरलेला असला तरी जाऊन मत द्या. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाच्या खाली काँग्रेसचा खासदार, राज्याचा आमदार, शाळा मंडळाचा सदस्य यांचीही नावं असतात, आणि त्यांना तुमच्या दारात येऊन उत्तर द्यावंच लागतं. जो जिंकेल त्याला पहिल्या दिवसापासून प्रश्न विचारा. जो हरेल त्याने हार मान्य करावी, हे दोन्ही पक्षांना ठणकावून सांगा.