कूलरचं वय

नागपुरात होळी आटोपली की पत्र्याचा कूलर आडोशातून बाहेर निघतो आणि घरोघरी एकच वाद सुरू होतो: यंदा दुरुस्त करायचा की बदलायचा? बदलणाऱ्यांचा मुद्दा ठरलेला असतो, कूलर जुना झाला. मला हा मुद्दाच मान्य नाही. कूलर हे एकत्र कुटुंब आहे. पेटी, तीन बाजूंच्या ताट्या, पंप, मोटर, पाती आणि पाणी पाझरवणाऱ्या नळ्या अशी त्यात मंडळी नांदतात, आणि प्रत्येकाचं वय वेगळं. ताट्यांमधलं गवत किंवा वाळा तर जेमतेम एक उन्हाळा पाहतो. बोअरचं पाणी असेल तर क्षार धरून तो जूनआधीच दगड होतो. पंप ही बदलायचीच चीज. मोटर जळली तर वाइंडिंग करून मिळते, बुश झिजला तर बुश बदलतो. 'आमचा कूलर पंधरा वर्षांचा' असं जो सांगतो, तो खरं म्हणजे पत्र्याचं वय सांगत असतो.

शिवाय गारवा यातलं कोणीच तयार करत नाही. तो तयार करते नागपूरची कोरडी हवा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे विजेच्या युनिटाच्या दोन-तृतीयांश. आणि ही उष्णता खोलीत येणाऱ्या हवेतूनच जाते. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. तशा दुपारी जुन्या पेटीतून येणारी हवा आणि चकचकीत पेटीतून येणारी हवा यांत फरक करणारा माणूस मला भेटायचा आहे. ताटी सगळीकडून ओली आणि खिडकी थोडी उघडी, एवढ्या दोनच अटी आहेत. (दुसरी अट पाळायला घरातलं कोणीच तयार नसतं, आणि दोष मात्र कूलरला.)

कोणी म्हणेल, नवा घेतला तर वीज वाचेल. कूलर खातोच किती? घरगुती कूलर पंपासकट साधारण दोनशे वॉट; दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड हजाराच्या आसपास. दोनशेतून वाचवून वाचवून काय वाचवणार? मग एसीच घ्या, असा पुढचा सल्ला येतो. जुलैच्या दमट हवेपुरता तो बरोबर आहे, तेव्हा कूलर नुसता चिकचिकाट वाटतो. पण जुलैच्या तीन आठवड्यांसाठी नवतप्याचा हुकमी गडी घराबाहेर काढणं मला पटत नाही.

खरी गंमत सीताबर्डीत दिसते. निर्णय मे महिन्यात घ्यायला निघालेला माणूस बर्डीच्या मेन रोडवर निर्णय घेत नाही, शरण जातो. मिस्त्री फोन उचलत नसतो, घरी मुलं घामेजलेली असतात, आणि समोर प्लास्टिकचा देखणा कूलर रिमोटसह उभा असतो. त्याची टाकी तडकली की कोणी झाळत नाही. पत्र्याला मात्र डांबर, एम-सील, झाळ, सगळं चालतं. म्हणून हा वाद फेब्रुवारीतच मिटवावा. तेव्हा मिस्त्री घरी येतो, चहासुद्धा घेतो.

एका आक्षेपापुढे मात्र मी हात टेकतो, तो म्हणजे करंटचा. पत्रा, पाणी आणि वीज एकाच पेटीत राहतात, आणि विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. अर्थिंग नसेल, वायर सोललेली असेल, तर काटकसरीचं नावही काढू नये. पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे. टाकीचा तळ कुजला असेल तर पेटी जाऊ द्या. पण पेटीच, मोटर नव्हे. भंगारवालासुद्धा कूलर अख्खा घेत नाही. मोटरचं तांबं आधी वेगळं काढतो आणि पत्रा वेगळा तोलतो.