अंदमानवाले अप्पा

सोलापुरात पारा चाळिशी ओलांडायला लागला, की रसवंतिगृहांच्या घुंगरांबरोबर अप्पांचं अंदमानही सुरू होतं. अप्पा कुणी एकटे नाहीत. जुळे सोलापुरात एक असतात, साखर पेठेत एक, होटगी रोडच्या दर सोसायटीत निदान एक. बँकेतून, झेडपीतून नाहीतर एसटीतून निवृत्त, गुडघे अजून शाबूत, पेन्शन वेळेवर. समुद्राची हौस दांडगी, आणि ती सगळी हौस वहीत.

वही म्हणजे पतसंस्थेची जुनी डायरी. निळ्या शाईत वेळापत्रक, लाल शाईत खर्च आणि समासात पेन्सिलीने ‘चौकशी करणे’. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, तेव्हा अप्पांनी अख्खी पानं नव्याने उतरवून काढली. २०२४ साली पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं, तेव्हा मात्र नुसतं खोडून वर लिहिलं. ‘‘सरकारला काय बे, नाव बदलायला एक सही लागते. इथं रिफील संपते.’’

गल्लीतून कुणी अंदमानला निघालं, की आधी अप्पांकडे हजेरी. अप्पा डोळे मिटून सुरू होतात. ‘‘पहिल्या दिवशी सेल्युलर जेल. सात भुजा होत्या, आता तीनच उरल्यात. सावरकरांना १९११ साली नेलं. कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. जिन्याची सवय करा, आत्तापासून. तिथं पहाटे पाचच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवेलागण. घड्याळ मात्र आपलंच. म्हणजे तुम्ही नेहमीसारखं चारला झोपून उठलात, की संपला समुद्र! बाराटांगला जारवांच्या जंगलातून गाड्या पोलिसांच्या ताफ्यात सोडतात. पहाटेच रांगेत लागायचं आणि वाटेत फोटो काढायचा नाही. शेंगाचटणी अर्धा किलो घ्या, कडक भाकरी माणशी चार.’’

माणसं जाऊन येतात, पेढे घेऊन अप्पांकडे जातात आणि तिथे त्यांची तोंडी परीक्षा होते. राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्य बुडताना पाहिला का? चुनखडीच्या गुहेत गेलात का? नाही? चिखलाचा ज्वालामुखी? तोही नाही? अप्पा चष्मा काढून पुसतात. ‘‘मग गेलता कशाला?’’ प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस मान खाली घालून घरी जातो.

एवढं ज्ञान असलेला माणूस स्वतः का जात नाही, हे विचारायचं नसतं. विचारलंत, तर कॅलेंडर खाली उतरतं. जानेवारीत सिद्धेश्वरची गड्डा यात्रा. अक्षता सोडून कुणी सोलापूर सोडतं का? फेब्रुवारी-मार्च नातवंडांच्या परीक्षा. एप्रिल-मेमध्ये सुट्टीची गर्दी, भाव चढलेले. जून ते सप्टेंबर तिकडे पाऊस, समुद्र खवळलेला. ऑक्टोबरात दसरा-दिवाळी, नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं की माणसांची. डिसेंबर? ‘‘डिसेंबरात सगळं जग जातं. आपण काय नवीन करणार?’’ बारा महिने असे एकेक करून निकालात निघतात आणि अप्पा कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावतात.

त्यातून एखादा आठवडा वाचलाच, तर महापालिकेचा नळ आडवा येतो. पाणी चार-पाच दिवसांआड; त्याची वेळही त्यालाच माहीत. चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटावर जायचं, तर इथली टाकी कोण भरणार, या प्रश्नाला वहीत स्वतंत्र पान आहे. पान अजून कोरं आहे.

मध्यंतरी अप्पांची अट होती, ‘‘सोलापुरातून विमान सुटू दे, पहिलं तिकीट माझं.’’ विमानाला आड येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३मध्ये पाडली. त्या दिवशी अप्पा जरा गप्पच होते. जून २०२५मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, पुढे मुंबईचंही. कट्ट्यावर सगळ्यांनी अप्पांना घेरलं. अप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘गोवा कुठं आहे? पश्चिमेला. मुंबई? तीही तिकडंच. अंदमान कुठं आहे बे?’’ चेन्नईपर्यंत रेल्वे सोलापूरवरूनच जाते, तिथून पुढे विमान मिळतं, हे कुणीतरी पुटपुटलं. अप्पांनी त्याला जहाजाचे तीन दिवस, उलट्यांची गोळी आणि चेन्नईतला उकाडा असे सलग अर्धा तास सांगितले. विमानाचा विषय पुन्हा निघालाच नाही.

शेवटी काकूच गेल्या. भिशीच्या बायकांबरोबर, अप्पांचीच वही पर्समध्ये घालून. सहा दिवस अप्पा फोनवर होते. आता कुठे आहात? तिथून डावीकडे वळा. नाही, नारळपाणी पुढच्या गाडीवर. टाकी त्यांनीच भरली, रात्री दोनला उठून.

काकू परतल्या, सावळ्या होऊन. चपलेत अजून वाळू होती. अप्पांनी वही उघडली, लाल पेन घेतलं आणि परीक्षा सुरू केली. तुरुंग, गुहा, राधानगर, ताफा. काकूंनी एकही उत्तर चुकवलं नाही. शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘‘अहो, सगळं तुम्ही सांगितलं होतं अगदी तस्संच होतं!’’

अप्पांनी पेनाला टोपण लावलं.

‘‘बघ! म्हणजे माझे जायचे पैसे वाचले.’’