सात दिवसांचा समन्वय

माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा सरकारी समित्यांना न जमलेलं काम वारकरी एका दुपारीत उरकतो. आरोग्य विभागाच्या तंबूतून पॅरासिटामॉल घेतो, आयुर्वेद कॉलेजच्या पोरांकडून पोटऱ्यांना तेल चोळून घेतो आणि वर पिशवीतल्या होमिओपॅथीच्या चार गोळ्या जिभेखाली ठेवतो. झाली समन्वित चिकित्सा!

आता हे कॉलेजात शिकवायचंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं फर्मावलं की अ‍ॅलोपॅथीवाल्याला आयुषची जाण हवी, आयुषवाल्याला अ‍ॅलोपॅथीची. मग २०२१ च्या नियमांत एमबीबीएसच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमधून आयुषसाठी एक आठवडा निघाला. त्यातला रविवार वजा करा. उरलेल्या दिवसांत इंटर्न काय वाचतो, ते नीट-पीजीच्या क्लासवाल्यांना ठाऊक असेल.

उलट्या दिशेनं मात्र रस्ता रुंद. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथांना वर्षभराच्या औषधशास्त्राच्या कोर्सनंतर अ‍ॅलोपॅथीची औषधं लिहायची मुभा मिळाली. २०२५ मध्ये मेडिकल कौन्सिलात त्यांच्या नोंदणीची वेळ आली, तेव्हा आयएमएनं संप केला. गंमत म्हणजे एमबीबीएस आणि हा कोर्स, दोन्हीवर शिक्का नाशिकच्या एकाच आरोग्य विद्यापीठाचा. आणि लोणंदच्या बाजारात कांदा घेऊन आलेला शेतकरी पाटीवरची पदवी वाचतो कुठं? "डाक्टर, एक सुई टोचा की, सांजच्याला पाणी धरायचंय," एवढंच त्याचं मागणं.

करोनात घरोघरी गुळवेल उकळली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालय म्हणालं, वेल दुसरीच असेल. असेलही. पण वेल कुठलीही असो, पेशंटच्या पोटात ती आहे हे डॉक्टरला कळणार कसं? एमबीबीएसच्या पोराला काढे करायला शिकवू नका, नाडी बघायला तर नकोच. नीट विचारायला शिकवा, आणि विचारताना नाक मुरडायचं नाही, हेही. डाक्टर वरडंल या धाकानं माणसं निम्मं पोटातच ठेवतात.

"आजी, आणखी काही औषध चालू आहे?"

"न्हाय रं लेकरा."

"काढा वगैरे?"

"त्यो सकाळचा. अन् सांधं दुखत्यात म्हून भावकीतल्या एकानं काळ्या पुड्या दिल्यात, दोन वर्सं झाली. ते काय औषध हाय व्हय?"