कोपऱ्याला कोपरा

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणसं मुहूर्त बघतात, जेवणाची वेळ बघतात. आमच्या सोसायटीतले घडीकाका कागदाची जाडी बघतात. गुळगुळीत आर्ट पेपर निघाला तर यजमानासमोरच तोंड वाकडं करतात, कारण त्यावर घडी घातली की चिरा पडतात. उजव्या अंगठ्याचं नख घासून घासून चकचकीत झालंय. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी दुकानापर्यंत पोचते ती डबी होऊन. मग औषधवाला बिचारा गोळ्यांची नावं तळातून आणि झाकणातून गोळा करत बसतो.

मे महिन्यात उन्हाळी शिबिरातला ओरिगामीचा तास न सांगता काकांकडे येतो. मुलांना ड्रॅगन हवा असतो, काकांना एक सरळ घडी.

आधी चौरस. ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा, म्हणजे तिरका दुमडला की 87 मिलिमीटरची पट्टी उरते. ती फेकायची नाही, काकांच्या खिशात जाते. मग चौरस टोकावर उभा असल्यासारखा समोर ठेवायचा आणि खालचा कोपरा उचलून वरच्यावर न्यायचा. टोकं तंतोतंत जुळली की डाव्या हाताने दाबून धरायची, घडी आधी मधोमध दाबायची आणि तिथून दोन्हीकडे नख फिरवायचं. एका टोकाकडून घाईने सुरुवात केली की कागद सरकलाच. ‘केसाएवढी चूक पाचव्या घडीला मुसळाएवढी होते’ हे काकांचं ब्रीद. त्यामुळे पाचवी घडी आजवर कोणी पाहिलेली नाही.

‘काका, विमान कधी?’

‘विमान आधी धावतं, मग उडतं. उलगड ते. कोपऱ्याला कोपरा!’

मुलं उलगडत असतात तेवढ्यात काकांच्या बोलण्यात ओरिगामीचे जपानी उस्ताद अकिरा योशिझावा येतात. कारखान्यातल्या शिकाऊ कामगारांना ते कागद दुमडून भूमिती शिकवत. घड्यांची चित्रलिपीही त्यांचीच. तुटक रेघ म्हणजे दरी, रेघ-टिंब म्हणजे डोंगर. जपानीचा गंध नसलेला माणूसही जपानी पुस्तकातून बेडूक करू शकतो तो त्यामुळे. पण जपान फार वेळ काकांच्या पचनी पडत नाही. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं टी. सुंदर राव यांचं पुस्तक 1893 साली मद्रासला निघालं, हे सांगून ते गाडी घरी आणतात. तोवर मागच्या रांगेत रॉकेटं सुटू लागलेली असतात.

एका आईने धीर केला. ‘काका, यूट्यूबवर याच्या वयाची मुलं डायनोसॉर करतात हो.’

‘करत असतील. कोपरे बघितलेत त्यांचे?’

अखेर त्रिकोणाचं टोक खाली करून वरचे दोन कोपरे दुमडायची परवानगी मिळाली. कान खाली पाडले की कुत्रा, उभे केले की मांजर. एका चिमुरडीच्या कुत्र्याचा एक कान खाली, एक वर. काकांनी चष्मा पुसला. ती म्हणाली, ‘त्याला कोणीतरी हाक मारलीय.’ आता ओरडा बसणार म्हणून आम्ही श्वास रोखला, तर काकांनी नुसतं नख फिरवून घडी तपासली आणि म्हणाले, ‘चोख आहे. मारू देत हाक.’

शेवटच्या दिवशी प्रदर्शन. टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या लावून ओळीने त्रिकोण मांडलेले, मध्ये तो एकच कुत्रा. पालकांनी मोबाइल वर केले आणि पुन्हा खाली घेतले. एका वडिलांनी लेकाचं प्रमाणपत्र घाईघाईत दुमडून खिशात सारलं. काका गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले आणि हात पुढे केला.

‘द्या इकडे. कोपरा चुकलाय.’