संधी समान, सही-शिक्क्यासह

मंगळवारी सकाळी टेबलावर एक पत्र येऊन पडलं. 'आपणांस पुढील आदेश होईपर्यंत समान संधी अधिकारी म्हणून नेमण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही आणि सहीच्या निम्म्या भागावर गोल शिक्का. आगीच्या नळकांड्यांची मुदत तपासणं, गणपतीची वर्गणी गोळा करणं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गोदामाची किल्ली सांभाळणं ही तीन खाती माझ्याकडे आधीच होती. त्यात आता चौथ्याची भर पडली. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं विचारलं, "पगार वाढला?"

"नाही."

"हाताखाली कुणी दिलं?"

"नाही."

"मग अहो, समान तरी कुणाशी झालात?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात सापडेल म्हणून मी कायदा उघडला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचं कलम २१ सांगतं की प्रत्येक आस्थापनेनं आपलं समान संधी धोरण जाहीर करावं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवावी. ज्या खासगी आस्थापनेत २० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, तिनं या कामासाठी एक अधिकारीही नेमावा, असं २०१७ चे नियम म्हणतात. हे सगळं साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण १९ दाखवू शकत नाही का? बाकीचे कंत्राटदाराचे." मी म्हटलं, "साहेब, मग माझी नेमणूकच रद्द होईल." साहेब क्षणभर विचारात पडले. माझ्या नोकरीविषयी त्यांनी एवढा गंभीर विचार केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

धोरण मात्र दोन दिवसांत तयार झालं. मनुष्यबळ विभागातल्या एका हुशार मुलानं ते कुठून तरी उतरवून घेतलं होतं. भाषा अतिशय भारदस्त. फक्त चौथ्या परिच्छेदात 'आमच्या जहाजांवरील व बंदरांवरील सर्व कर्मचारी' असा उल्लेख राहून गेला होता. आमची कंपनी पुण्यात. जवळचं पाणी म्हणजे मुठा, आणि तिच्यात जहाज सोडाच, पावसाळा सोडून पाणीही नसतं. मी ते वाक्य खोडायला गेलो, तर मुलगा म्हणाला, "राहू द्या सर, उद्या कंपनी वाढली तर?"

एकदा अधिकारी झालं की टोप्या आपोआप डोक्यावर चढत जातात. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी लागतो. तो मीच. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे १०० किंवा त्याहून अधिक माणसं असतील तर आणखी एक तक्रार अधिकारी लागतो. तोही मीच. (तिथे आम्ही कंत्राटदाराची माणसं मोजली, कारण फॉर्ममध्ये मोठा आकडा बरा दिसतो.) एकच खुर्ची मात्र माझ्या हाती लागली नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. १० कर्मचारी असले की समिती नेमावी लागते आणि तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरची महिला असावी लागते. अशी महिला शोधायला मी तिन्ही मजले पालथे घातले, तेव्हा कळलं की वरिष्ठ पदावर महिलाच नाही. गेली १५ वर्षं मी त्याच मजल्यांवर वावरत होतो. समिती स्थापन करायची वेळ आली नसती तर माझ्या हे लक्षातही आलं नसतं. यावर उपाय म्हणून एका बाईंना बढती द्या, असं मी सुचवलं. साहेब म्हणाले, "समितीपुरती देता येईल का?"

आता रॅम्पकडे वळू. आमच्या दारात तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटीमीटरची. म्हणजे चढ ४५ सेंटीमीटर. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा. सोपं त्रैराशिक आहे, रॅम्प ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब पाहिजे. गवंड्यानं दीड मीटरचा बांधला. कारण विचारलं तर त्यानं पुढे बोट दाखवलं. तिथे पिवळ्या पट्ट्यांत साहेबांच्या गाडीची जागा होती. कायदा आणि गाडी यांच्यात जेवढी जागा उरली, तेवढ्यात रॅम्प बसवला होता. त्यावरून आजवर फक्त पाण्याचे जार वर गेले आहेत. जार आणणाऱ्या पोराचा अनुभव बोलका आहे. "साहेब, चढवायला दोन माणसं लागतात. उतरायला एकही लागत नाही."

मी लेखापालांकडे फाईल नेली. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दंड १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५०,००० पासून ५ लाखांपर्यंत. लेखापालांनी कॅल्क्युलेटर ओढला. एका बाजूला रॅम्प तोडून नवा बांधायचा खर्च, पिवळे पट्टे खरवडायचे, साहेबांची गाडी पलीकडे उन्हात उभी राहणार म्हणून तिचं कव्हर. दुसऱ्या बाजूला १०,०००. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या वेळेला तर आपल्याला परवडतंय." समान संधीचा हिशेब इतक्या स्वच्छपणे कुणी मांडलेला मी पाहिला नव्हता.

तळमजल्यावरच्या एका स्वच्छतागृहाच्या दारावर 'अपंगांसाठी' अशी पाटी होती. सरकारी भाषा बदलली तसा आम्हीही तत्परतेनं बदल केला. आता पितळी अक्षरांत 'दिव्यांगांसाठी' लिहिलं आहे. आत झाडू, फिनेलचे डबे आणि मागच्या गणपतीचं मखर आहे, पाटी बदलण्यापूर्वी होतं तसंच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ होते, २०१६ मध्ये ते २१ झाले. सामान हलवायला सांगितलं तेव्हा शिपाईमामा म्हणाले, "साहेब, प्रकार वाढले, पण माणूस आपल्याकडे एकही नाही. मग झाडू कुठं ठेवू?" माणूस का नाही, हा प्रश्न त्यांच्या खात्यातला नव्हता. माझ्या खात्यातला होता.

तेव्हा मी भरतीची जाहिरात काढून पाहिली. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'आम्ही समान संधी देणारी संस्था आहोत'. वर ठळक अक्षरांत: लेखा सहायक पाहिजे. वय २५ पर्यंत. तडफदार व्यक्तिमत्त्व. स्वतःची दुचाकी आवश्यक. दिवसभर खुर्चीत बसून जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला दुचाकी कशाला, असं विचारलं. उत्तर आलं, "सगळेच टाकतात."

मग मुलाखतींना बसलो. तिथे मला आमच्या निष्पक्षपातीपणाचं खरं दर्शन झालं. आमच्याकडे जात अजिबात विचारत नाहीत. आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात. गावावरूनही उलगडा झाला नाही तर "मामा कुठले?" असं आपुलकीनं विचारतात. जात काही कुणी विचारत नाही.

मुलींना मात्र "लग्नाचं काय?" हे हमखास. मी हरकत घेतली. हा प्रश्न विचारायचाच असेल तर सगळ्यांना विचारा, समान संधी म्हणतात ती हीच. मुलाखत समितीनं तत्काळ मान्य केलं. मग एक मुलगा आला. "लग्न झालंय?" "हो." समितीनं माना डोलावल्या, "वा, स्थिरस्थावर आहे." पाठोपाठ मुलगी आली. "लग्न झालंय?" "हो." समितीनं एकमेकांकडे पाहिलं, "म्हणजे आता रजा सुरू होणार." प्रश्न तोच, उत्तर तेच, गुण मात्र वेगळे. हे मी समान संधीच्या दिशेनं टाकलेलं पहिलं पाऊल.

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. समारंभ तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवला होता. आमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते. प्रमुख पाहुणे आले ते चाकाच्या खुर्चीवर. रॅम्पकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. शेवटी सत्कार खाली पार्किंगमध्येच उरकला. शाल, श्रीफळ, गुलाब. साहेबांनी गाडीला टेकून 'मुख्य प्रवाहात सामावून घेण्याचं महत्त्व' या विषयावर भाषण केलं. छायाचित्रात पिवळे पट्टे फार सुरेख आले आहेत.

आणि मग त्या लेखा सहायकाच्या जागेसाठी एक मुलगी आली. तिला दिसत नव्हतं. वाणिज्य शाखेची पदवी होती, संगणकावर बोटं माझ्यापेक्षा वेगानं चालत होती. समितीपुढे जाण्याआधी ती माझ्या टेबलापाशी थांबली. "सर, तुमच्या संकेतस्थळावरचं समान संधी धोरण वाचायचा प्रयत्न केला. ऐकता का?" तिनं फोन समोर धरला. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय तिच्या फोनमध्ये होती. जाहिरात त्यानं घडाघडा वाचली, अगदी दुचाकीसकट. मग तिनं धोरणावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, "प्रतिमा."

तिनं पुन्हा बोट ठेवलं. फोन पुन्हा म्हणाला, "प्रतिमा."

चार पानांचं धोरण, त्यातली जहाजं, बंदरं, भारदस्त भाषा, सगळ्याचा त्या फोननं एका शब्दात सारांश काढला होता. आम्ही धोरणाचा कागद छापून, त्यावर सही-शिक्का घेऊन, त्याचा फोटो काढून टाकला होता. ज्याला डोळे आहेत त्यालाच वाचता यावं, अशी चोख व्यवस्था.

तिची निवड झाली नाही. कारण लेखी होतं: दुचाकी नाही.

त्या संध्याकाळी मी थांबलो. मला मराठी टंकलेखन येतं, मिनिटाला ३० शब्द. सगळं धोरण अक्षरात टाइप केलं, जहाजं आणि बंदरं गाळली, संकेतस्थळावर चढवलं आणि माझ्याच फोनवर ती सोय सुरू करून ऐकलं. फोन वाचत होता. कलम, उपकलम, माझं पदनाम, सगळं. या खुर्चीवर बसल्यापासून मी केलेलं हे एकमेव काम, आणि त्याला लागला होता पाऊण तास.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वरून फोन आला. "धोरणावरचा सही-शिक्का कुठं गेला?" मी म्हटलं, "साहेब, अक्षरं ठेवली आहेत. आता अंधांनाही वाचता येईल." पलीकडे थोडी शांतता. मग समजुतीचा सूर. "अहो, ते ठीक आहे. पण सही-शिक्क्याशिवाय ते अधिकृत कसं दिसणार? कंपनीच्या प्रतिमेचा प्रश्न आहे."

दुपारपर्यंत प्रतिमा पुन्हा जागेवर आली.

त्याच आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. तिला दुचाकीच्या अटीविरुद्ध रीतसर तक्रार करायची होती. मी म्हटलं, "जरूर करा. संकेतस्थळावर तक्रारीचा नमुना आहे, तेवढा भरून पाठवा." ती हसली. "सर, तोसुद्धा प्रतिमाच आहे." मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." तिनं सांगितलं, मी टाइप केलं आणि सहीसाठी वर पाठवलं. शेरा आला: 'विहित नमुन्यात नाही, सबब विचारात घेता येत नाही.'

मार्चअखेर वार्षिक अहवाल लिहायला घेतला. धोरण: आहे. अधिकारी: आहे. रॅम्प: आहे. स्वच्छतागृह: आहे. पुढचा रकाना होता 'विहित नमुन्यात प्राप्त तक्रारी'. तिथे मी शून्य लिहिलं. ते अगदी खरं होतं. त्या दिवशी दुपारी सही-शिक्का घेऊन अहवाल स्कॅनरवर ठेवला.